खालची रेघ

बेसच्या तारा पाण्यात उकळतात, हे तुम्हाला माहीत नसणार. नसलं तरी बिघडत नाही. ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा माणूस असतो हेच निम्म्या लोकांच्या गावी नसतं. गाणारी दिसते, ढोलकीवाला दिसतो, की-बोर्डवाला सारखी मान हलवत असतो म्हणून तोही दिसतो. मागं ड्रमशेजारी जाड तारांचं लांबलचक गिटार गळ्यात अडकवून जो उभा असतो, त्याच्याबद्दल आमच्या शेजारच्या चिमणाबाईंनी एकदा अम्मीला विचारलं होतं, "तुमचं मालक तितं नुस्तं हुबं असत्यात व्हय?" अम्मी हसली. मला मात्र चिमणाबाईंच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटला होता.

ते नुसते उभे असणारे गृहस्थ म्हणजे माझे अब्बा, मुनव्वर जमादार. दिवसा शाहूपुरीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची आणि कार्यक्रम असला की संध्याकाळी अमरसिंहकाकांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा, असं त्यांचं आयुष्य. अब्बा म्हणायचे, बेस वाजत असला की कुणाला कळत नाही, पण थांबला की गाणं लंगडं पडतं. लहानपणापासून मी हे एवढ्या वेळा ऐकलं होतं की मला ते शाळेत शिकवल्यासारखं खरं वाटायचं.

मोठा कार्यक्रम असला की अब्बा चारही तारा काढायचे, वेटोळं करून पातेल्यात टाकायचे आणि उकळायला ठेवायचे. बोटांचा घाम आणि मळ तारांच्या वळ्यांत जाऊन बसतो आणि आवाज मेंगळट होतो. उकळल्या की पाण्यावर काळा तवंग येतो आणि तारा परत खणखणीत बोलायला लागतात. त्यासाठी घरात ॲल्युमिनियमचं एक वेगळं पातेलं होतं. अम्मी ओरडायची, "शिफा, अब्बाचा रस्सा उतरव गं, माझी डाळ ऱ्हायलीया." मी तारा चिमट्यानं काढून जुन्या बनियननं पुसायची. बनियन सुतीच लागायचं. पावसाळ्याच्या तोंडाला लाकूड ओल धरून वाकतं, म्हणून बेसच्या दांड्यातल्या लोखंडी सळीला चावी लावून ती किंचित फिरवायची असते. तेही अब्बांनी मला शिकवलं. "पाव आटा. अर्धा फिरिवलास तर बोटं मोडीन," म्हणायचे. बेसची पिशवी त्यांनी स्वतः शिवलेली, सीटच्या रेक्झिनची, आत फोम, कडेनं लाल पट्टी. तशी पिशवी अख्ख्या कोल्हापुरात कुणाकडं नव्हती.

घरात आम्ही दख्खनी बोलतो. पण अब्बांना राग आला किंवा लाज वाटली की ते मराठीत येतात, आणि ही गोष्ट रागाची आणि लाजेचीच आहे, म्हणून मीही मराठीतच सांगते.

ऑर्केस्ट्राला पंचवीस वर्षं होणार म्हणून अमरसिंहकाकांनी मोठा कार्यक्रम ठरवला. जुनीच गाणी, पण नव्यानं बांधलेली. बांधणार होत्या पुण्याच्या क्रांती मॅडम. त्या प्रत्येक वाद्याला काय वाजवायचं ते कागदावर लिहून देतात, पाच रेघांवर टिंबं काढून. काकांनी तालमीच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, "कागद बघून जो वाजवंल त्यो ह्या कार्यक्रमात. आन् फुडंबी त्योच. मला आता अंदाजपंचे नको."

अब्बांना कागद वाचता येत नव्हता. टेपरेकॉर्डरला कान लावून, कॅसेट मागं घेऊन घेऊन ते शिकले होते. एकदा ऐकलेलं गाणं ते दुसऱ्यांदा अचूक वाजवायचे, पण पाच रेघा म्हणजे त्यांच्यापुढं नुसते दोरीवर वाळत घातलेले कपडे. पंचवीस वर्षांची जागा एका कागदापायी जाणार म्हटल्यावर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक मास्तर आहेत, त्यांच्याकडं शिकायला जातो असं त्यांनी ठरवलं.

तेव्हा यशराज मध्ये पडला. यशराज म्हणजे आमचा मान हलवणारा की-बोर्डवाला. तिशीतला, पुण्यात परीक्षा देऊन आलेला, शिवाजी पेठेत स्वतःचा क्लास, पोरं त्याला सर म्हणतात. तो म्हणाला, "चाचा, ह्या वयात मास्तरांची छडी खाताय व्हय? मी हाय की घरचा. पावसाळाभर या, गणपतीपतोर तुमाला पेपरासारखं वाचाय लावतो."

अब्बा घरी आले ते ईदचा चंद्र दिसल्यासारखं तोंड करून. अम्मीला म्हणाले, "पोरगं लई सोन्यासारखं हाय."

आता पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. लपवून ठेवून मजा घेण्यासारखं त्यात काही नाही. पाच रेघांच्या सुरुवातीला एक खूण असते. त्या खुणेवरून रेघांची नावं ठरतात. बासरी, व्हायोलिन असल्या वरच्या आवाजाच्या वाद्यांची खूण वेगळी, बेसची वेगळी. बेसची खूण दिसायला कानासारखी असते, पुढं दोन टिंबं. रेघा त्याच पाच, पण खूण बदलली की नावं बदलतात. अब्बा ई, जी, सी असं म्हणतात, मी तुमच्यासाठी सारेगममध्ये सांगते: ई म्हणजे 'ग', जी म्हणजे 'प', सी म्हणजे 'सा'. बेसच्या कागदावर सगळ्यात खालची रेघ असते 'प'ची. यशराजनं खूण काढली बेसची आणि नावं शिकवली बासरीची. म्हणजे खालची रेघ 'ग'ची. एकदा तळाची रेघ चुकली की वरचं सगळं त्याच मापानं चुकत जातं.

आणि त्यानं ते पटवलं कसं बघा. म्हणाला, "चाचा, सोपं हाय. खालची रेघ म्हंजे तुमची खालची तार. मोकळी ई. तितनं मोजत वर चढायचं." कुठल्या बेसवाल्याला हे खोटं वाटेल? बेसवाल्याच्या डोक्यात सगळं त्या खालच्या तारेपासूनच सुरू होतं. अब्बांनी मान डोलावली. सरावाची गाणी यशराज स्वतःच लिहून द्यायचा, त्याच्याच खोट्या नावांनी, त्यामुळं ती वाजवली की बरोबर यायची. संशयाला जागाच ठेवली नाही त्यानं.

का केलं त्यानं असं, याचा मी खूप विचार केला. मोठं काहीतरी वैर सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. यशराजला की-बोर्डवर डाव्या हातानं बेस आणि उजव्या हातानं बाकीचं असं दोन्ही वाजवायचं होतं. स्टेजवर त्याला जास्त दिसायचं होतं. मास्तरांकडं गेले असते तर अब्बा खरंच शिकले असते. ऐन तालमीत ते पडले तर दुसरा बेसवाला बोलवायला वेळ उरणार नव्हता. शिवाय गेल्या वर्षी अब्बांनी त्याला सगळ्यांसमोर एकदा टोकलं होतं, "सर, तितं कोमल लागतंय, शुद्ध न्हाय." सगळे हसले होते, गाणारी मोना जरा जास्तच हसली होती. एवढंच. एवढ्यासाठी.

पावसाळाभर अब्बा शिकले. चाळिशीचा चष्मा नवा करून घेतला. दुकानात शिलाई मशीनच्या दिव्याला कागद चिमट्यानं अडकवायचे. रेक्झिनच्या तुकड्यांवर खडूनं पाच रेघा ओढायच्या आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना टिंबांची नावं पुटपुटायची. रात्रीच्या जेवणाला मला भाकरीच्या तुकड्यानं ताटात टिंब दाखवायचे आणि म्हणायचे, "इच्यार मला." मी काय विचारणार, मला कुठं येत होतं? ते आपलं स्वतःच विचारायचे, स्वतःच उत्तर द्यायचे आणि खूश व्हायचे. एकदा म्हणाले, "शिफा, माझ्या बापानं मला शाळंतनं काढलं. आता बग, मी बी शिकलेला झालो." मला इतकं भरून आलं की मी ताट उचलून आत गेले.

ईदला यशराजकडं शिरखुर्म्याचा डबा गेला. नंतर बिर्याणीचा गेला. दुकानातलं सगळ्यात भारी रेक्झिन काढून अब्बांनी त्याच्या की-बोर्डला कव्हर शिवलं, कडेनं लाल पट्टी, मधोमध 'यशराज सर' असं धाग्यानं काढलं. पट्टी आमच्या बेसच्या पिशवीवर होती तीच. तो माणूस ते कव्हर घेऊन "काय राव चाचा, कशाला तकलीफ" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी परत खालची रेघ 'ग' म्हणून शिकवायला बसला. शिरखुर्मा ज्या तोंडानं खाल्ला त्याच तोंडानं.

तालमीच्या आठवड्यात क्रांती मॅडमचे कागद आले. अब्बांनी हात धुतले, कागद स्टँडवर लावला, बेस घेतला आणि वाजवायला सुरुवात केली. गाणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. दोन ओळींत माझा हात थांबला.

बेस गाण्याला धरून नव्हता. जिथं 'प' यायला पाहिजे तिथं 'ग' येत होता, 'सा'च्या जागी खालचा 'ध'. एका जागी नाही, सगळीकडं. अब्बाही थांबले. मान तिरकी करून तारा वाजवून पाहिल्या. सूर जुळलेले होते. त्यांनी परत तेच वाजवलं, परत तसंच आलं.

"अब्बा, चुकतंय की," मी म्हटलं. हे पहिल्यांदा.

"चुकंल कसं? कागदात हाय तसंच वाजिवतोय. मॅडमनी नवीन बांधलंय ते. पुण्याचं बांधकाम हाय, तुला न्हाय कळायचं."

मग मी कागद पाहिला. खालच्या रेघेच्याही खाली काही टिंबं लटकत होती. मी विचारलं, "अब्बा, खालची रेघ म्हंजे तुमची खालची तार न्हवं? मग तिच्याबी खाली ही टिंबं कसली? तुमच्या बेसला तिच्याखाली तारच न्हाय."

अब्बांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांनाही ते दिसलं होतं. त्यांनी यशराजला फोन लावला. यशराज फोनवर हसला, मला बाहेर ऐकू आलं. "मॅडम पियानोच्या हिशोबानं लिवत्यात चाचा. ती टिंबं वरच्या सप्तकात घ्यायची." अब्बांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बगितलंस? इच्यारलं की कळतं."

पण मला कळलं नव्हतं. मी मोबाईलवर बघितलं. बेस शिकवणारे किती तरी जण आहेत तिथं, कुणी फुकटात, कुणी अर्धवट. सगळे एकच सांगत होते. बेसची मोकळी खालची तार कागदावर पाच रेघांच्या खाली लिहितात, तिला स्वतःची छोटी रेघ काढून. आणि पाचातली सगळ्यात खालची रेघ 'प'ची. मी अब्बांना मोबाईल दाखवला. हे दुसऱ्यांदा. त्यांनी चष्मा लावून बघितलं, पूर्ण बघितलं. मग मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाले, "नेटवर काय बी असतंय. सर परीक्षा दिऊन आल्यात. पावसाळाभर त्यांनी माझ्यासाठी वेळ काढला, आन् तू मला असल्या पोरांची तोंडं दाखिवतीस?"

तिसऱ्यांदा तालमीच्या सकाळी सांगितलं. मी रडत होते आणि ओरडत होते. म्हटलं, "त्यानं तुम्हाला फसवलंय अब्बा. कान हाय की न्हाय तुम्हाला? कागद सोडा, कानानं वाजवा. तुम्हाला गाणं येतंय." चिमणाबाईंनी खिडकीतून डोकं आत घातलं, एवढ्या मोठ्यानं. अब्बांनी हात उगारला. मारलं नाही. हात तसाच वर राहिला आणि ते म्हणाले, "आयुष्यभर कानानंच वाजिवलं. म्हून तर सगळी अडाणी म्हंत्यात. आता न्हाय."

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, पोटात कुठंतरी कळलं होतं. पण तसं मान्य करायचं तर सगळा पावसाळा फेकून द्यावा लागला असता, ते खडूचे तुकडे, ते शिरखुर्म्याचे डबे, ते कव्हर. माणूस एवढं सगळं एका सकाळी फेकून देत नाही.

तालीम शाहूपुरीतल्या एका कार्यालयाच्या हॉलमध्ये होती. गाडी मी चालवत होते, मागं अब्बा, त्यांच्या पाठीला बेस. तारा आदल्या दिवशी उकळलेल्या, बेस लखलखीत पुसलेला. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

क्रांती मॅडम उंच, कापलेले केस, कानावर पेन्सिल. वाईट बाई नव्हती, घाईत होती. तिनं हात खाली आणला आणि गाणं सुरू झालं. तीन-चार ओळी गेल्या असतील. तिनं हात वर केला.

"बेस. परत."

परत सुरू झालं, परत थांबलं. मोना मागं वळून बघायला लागली. ड्रमवाला आरिफ काड्या मांडीवर आपटत गालात हसत होता. यशराज खाली मान घालून की-बोर्डची बटणं पुसत होता.

"सगळे थांबा. काका, तुम्ही एकटे वाजवा."

अब्बांनी एकट्यानं वाजवलं. पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत. एकदाही अडखळले नाहीत. त्या शांत हॉलमध्ये ते भयाण वाकडं ऐकू येत होतं, आणि अब्बांना ते ऐकू येत होतं हे मला त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. तरी ते कागदावरची नजर न हलवता वाजवत राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं, डोळे मिटा अब्बा, डोळे मिटा आणि वाजवा. मी ओरडले नाही. माझं जे ऐकायचं ते त्यांनी सकाळीच ऐकून घेतलं होतं.

मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि पेन्सिल कागदावर टेकवली. "ही रेघ कुठली?"

"ई," अब्बा म्हणाले. शाळेतल्या पोरासारखं ताठ उभं राहून.

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं. आवाज एकदम खाली आला. "काका, ही 'जी' आहे, 'ई' नाही. तुम्ही बेसचा कागद बासरीच्या कागदासारखा वाचताय. एकही टिंब चुकलेलं नाही, फक्त नावं सगळी दुसऱ्याच कागदाची आहेत. असं चुकून होत नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?"

हॉलमध्ये आरिफच्या काड्यासुद्धा थांबल्या. यशराजचा हात बटणांवर तसाच राहिला. त्याच्या मागच्या खुर्चीवर अब्बांनी शिवलेलं कव्हर घडी करून ठेवलेलं होतं, 'यशराज' एवढंच दिसत होतं, 'सर' घडीत गेलं होतं. अब्बांनी त्या कव्हराकडं बघितलं. मग यशराजकडं बघितलं. त्या एका बघण्यात त्यांना सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगते. कळल्यावर माणसाचा चेहरा कसा उतरतो ते मी बघितलं.

आता बोलतील, मला वाटलं. बोला अब्बा. नाव घ्या.

पण नाव घेतलं असतं तर एवढ्या माणसांसमोर कबूल करावं लागलं असतं की पावसाळाभर आपल्याला वेड्यात काढलं आणि आपण त्याला बिर्याणीचे डबे पोचवले. पंचवीस वर्षं ज्यांच्यात उभे राहिले त्यांच्यासमोर. मोनासमोर, आरिफसमोर. अब्बा वळले आणि त्यांनी दाराकडं, माझ्याकडं बोट केलं.

"पोरीनं," ते म्हणाले. "मोबाईलवर बगून."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"तू शिकवलंस?" मॅडमनी विचारलं.

अब्बा माझ्याकडं बघत होते. मारायला उगारलेला हात सकाळी जसा वर राहिला होता, तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत अडकलेलं होतं. नाही म्हटलं असतं तर ते तिथंच खोटारडेही ठरले असते.

"व्हय," मी म्हटलं. "मीच."

"असं अर्धवट बघून शिकवतात का गं? वडिलांची जागा घालवलीस तू." मॅडम वळल्या. "अमरसिंह, आता सगळं पुसून परत शिकवायला वेळ नाही. कार्यक्रम रविवारी आहे."

यशराजनं तेवढ्यात मान वर केली. चेहऱ्यावर दया आणली होती त्यानं. "जाऊ द्या मॅडम, ल्हान हाय ती. पोरीनं मायेपोटी केलंय. बेस मी डाव्या हातानं सांभाळतो."

त्यानं मला माफ केलं. सगळ्यांसमोर. त्याच्या बोटांत की-बोर्डचं झाकण घालून दाबावं असं मला वाटलं, आणि मी नुसती उभी राहिले.

अमरसिंहकाका म्हणाले, "मुनव्वर, बस तू आता. निवांत गाणी ऐक." आरिफ, ज्याच्या शेजारी अब्बा इतकी वर्षं उभे राहिले तो आरिफ, हळूच म्हणाला, "चाचा, आता खरंच नुस्तं हुबं ऱ्हावा." दोघं-तिघं हसले. मोनाही हसली.

अब्बांनी खिशातून बनियनचा तुकडा काढला आणि रोजच्यासारख्या चारही तारा वरपासून खालपर्यंत पुसल्या. तोवर मॅडमनी हात खाली आणला होता आणि गाणं त्यांच्याशिवाय सुरू झालं होतं. यशराज दोन्ही हातांनी वाजवत होता आणि मान हलवत होता. मी कान देऊन ऐकत होते. देवाशपथ, जीव कानात आणून ऐकत होते. गाणं कुठंही लंगडं पडलं नाही.

घरी येताना अब्बा मागं बसले होते. घरी अम्मीनं विचारलं, तर तिलाही तेच सांगितलं, "शिफानं उलटं शिकिवलं." अम्मीला सगळं माहीत होतं. सकाळचं भांडण तिनंच तर सोडवलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापायला लागली. चिमणाबाई खिडकीतून म्हणाल्या, "पोरींच्या नादी लागून काय हुतंय व्हय?" सकाळी याच खिडकीत त्यांचं डोकं होतं.

जेवणं झाल्यावर अब्बा माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता एकटे आहोत, आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील. मी रडायच्या तयारीतच होते.

"तुला ठावं हुतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं की अब्बा. तीनदा."

ते जायला वळले. मग म्हणाले, "जरा मोठ्यानं सांगायचं हुतंस."

त्याला आता बरेच महिने झाले. अमरसिंहकाकांचा ऑर्केस्ट्रा यशराजच्या डाव्या हातावर छान चाललाय. अब्बा हळदीत, वाढदिवसाला, जत्रेत, मिळेल त्या पार्टीत वाजवतात. कागद नाही, सगळं कानानं. पण त्यांचा कान गेला. बहिरे नाही झाले. पावसाळाभर आणि त्या तालमीत त्यांनी कानाला इतक्या वेळा खोटं ठरवलं की आता तो काय सांगतोय यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. पूर्वी गोंगाटात उभं राहून तारा जुळवायचे, कुणाला विचारायचे नाहीत. आता एकेक तार चार-चारदा पिळतात, वर नेतात, खाली आणतात, आणि शेवटी मला हाक मारतात. साऱ्या जगात विश्वास ठेवायला आता त्यांना मीच उरलेय.

"शिफा, बग गं जरा. जुळलं का?"

मी हातातलं काम ठेवून जाते. समोर बसते. ते एकेक तार छेडतात आणि माझ्या तोंडाकडं बघतात. वरच्या तिन्ही बऱ्या असतात. खालची तार जरा उतरलेली असते. थोडीच, पण बेसची खालची तार उतरली की वरचं सगळं गाणं वाकडं उभं राहतं. गेल्या आठवड्यात नेसरीच्या जत्रेत गाणारा पोरगा दोनदा मागं वळून बघत होता. पुढच्या वर्षी ते बोलावणार नाहीत, हे मला तिथंच कळलं.

मला स्वच्छ ऐकू येतं. अब्बांनीच तयार केलाय माझा कान.

"जुळलंय अब्बा," मी म्हणते. मोठ्यानं म्हणते.